पिंजऱ्याचं वजन

नागपूरजवळच्या वाडीला, अमरावती रोडच्या कडेला, ट्रकांच्या रांगांमागे एक गॅरेज आहे. एप्रिलमधली दुपार. डिझेलचा आणि तापलेल्या रबराचा वास, आणि पत्र्याच्या शेडखाली माझ्या मावसभावाची मारुती जिप्सी. दादा आता मुलाकडे पुण्याला असतो. गाडीचे कागद संपलेले, पुन्हा पासिंग करायचं तर खर्च गाडीच्या किमतीवर जाणारा, म्हणून तिचा निकाल लावायचं काम माझ्याकडे आलं. "जे येईल ते घे," तो फोनवर म्हणाला, "फक्त मला फोटो पाठवू नको." गॅरेजवाल्या चाचांनी गाडीभोवती एक फेरी मारली, आत डोकावले आणि छताखालच्या जाड लोखंडी नळ्यांवर बोटाने टकटक केलं. "ये पिंजरा अलग तौलेंगे. पाइप अच्छा है." मग गॅस कटर पेटला आणि एकेक नळी सिमेंटच्या फरशीवर आदळायला लागली. कटर धरलेला पोरगा विशीतला असेल. डोळ्यांवरचा काळा चष्मा कपाळावर सरकवून त्याने विचारलं, "दीदी, ये काहे को लगाया था? लुक के लिए?"

गाडी उलटली तर आतला माणूस चेपू नये म्हणून, मी सांगितलं. मोटार रॅलीची गाडी होती. त्याने मान डोलावली, पण चेहऱ्यावर काही उमटलं नाही. चाचांनीच त्याला समजावलं, "पहले होती थी ऐसी रेस. अब बंद हो गई."

बंद झालेली नाही. राष्ट्रीय रॅली स्पर्धा अजूनही दरवर्षी होते, तिचे विजेते ठरतात, त्यांना चषक मिळतात. मी चाचांशी वाद घातला नाही, वजन करून पैसे घेतले आणि निघाले. पण तो प्रश्न अंबाझरीपर्यंत माझ्यासोबत आला. हा पोरगा सायलेन्सरच्या आवाजावरून गाडी ओळखतो. थार उंच करून देतो, मोबाइलवर रील टाकतो, फॉर्म्युला वनच्या चालकांची नावं त्याला तोंडपाठ. आणि आपल्याच देशात, त्याच्या हाताखालून रोज जाणाऱ्या गाड्यांमधून, इतकी वर्षं एक राष्ट्रीय स्पर्धा चालू आहे, हे त्याच्या गावीही नाही. एखाद्या खेळाचं याहून वाईट काय व्हायचं असतं?

ही स्पर्धा १९८८ पासूनची. त्याआधी आणि तिच्या सुरुवातीच्या वर्षांत मोठं नाव होतं ते हिमालयन रॅलीचं. मुंबईच्या नझीर हुसेन यांनी १९८० मध्ये उभी केलेली, परदेशी चालकांना हिमालयाच्या घाटात आणणारी आणि १९९० नंतर थांबलेली. दादा तेव्हा कॉलेजात होता. सीताबर्डीच्या फुटपाथवर जुनी इंग्रजी मोटार-मासिकं मिळायची. कव्हर फाटलेली, आतलं एखादं पान कापून नेलेलं. ती घेऊन तो रात्री आमच्याकडे यायचा आणि मावशीला वाटायचं की पोरगं अभ्यासाला गेलंय. चंदीगडचा हरी सिंग, कोइमतूरचा लीलाकृष्णन, नरेन कुमार ही नावं मी त्याच्याकडूनच ऐकली. एका गाडीच्या दारावर एमआरएफ, दुसरीच्या दारावर जेके टायर. त्या दोन कंपन्यांच्या भांडणात आपण कोणाच्या बाजूने, यावर दादा आणि त्याचे मित्र पोह्यांवरची तर्री थंड होईपर्यंत भांडत. त्यांच्यापैकी कोणीही एकही शर्यत डोळ्यांनी पाहिलेली नव्हती.

नोकरी लागल्यावर त्याने ही जिप्सी घेतली, जुनीच. आणि मी त्याच्या शेजारी बसायला लागले. आमच्याकडे तेव्हा क्लबांच्या वगैरे ज्या रॅली व्हायच्या त्या वेगाच्या नसायच्या. वेळ, वेग आणि अंतर यांचं गणित सांभाळायचं, एवढंच. हातात रोडबुक द्यायचे, त्यात प्रत्येक वळणाचं छोटंसं चित्र, गोळा आणि बाण. अमुक टप्पा ताशी सदतीस किलोमीटरच्या सरासरीने, पुढचा बत्तीसने. लवकर पोचलात तरी दंड, उशिरा पोचलात तर दंड. आणि वेळ नोंदणारे मार्शल कुठे लपलेत ते माहीत नाही. मांडीवर पाटी, एका हातात स्टॉपवॉच, दाताखाली पेन्सिल आणि दादा सारखा, "किती? किती आहोत आपण?" रामटेकच्या पुढे पारशिवनीकडे आत वळलं की रस्ता कच्चा व्हायचा. मनसरच्या मँगनीज खाणींजवळची काळपट धूळ दाताखाली करकरायची. मोहफुलांचे दिवस असले तर उघड्या खिडकीतून तो जड, गोड, आंबूस वास यायचा, आणि त्या वासात बेरजा करायला लागून मला हमखास मळमळायचं. तरी मी पुढच्या वेळी पुन्हा जायचे. घरात, ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत मला कोणी इतक्या घाईने आणि इतक्या विश्वासाने काही विचारत नव्हतं. खऱ्या, वेगाच्या रॅलीत हे काम किती पटीने कठीण असतं ते मला नंतर कळलं. तिथे शेजारी बसलेला माणूस आधी रस्ता पाहून प्रत्येक वळणाची नोंद करून ठेवतो आणि स्पर्धेच्या वेळी गाडी त्या वळणावर पोचायच्या आत ती वाचून दाखवतो. चालक धुळीत जे दिसत नाही तिथे त्या आवाजावर विसंबून गाडी टाकतो. कासरगोडचे मूसा शरीफ हे काम वर्षानुवर्षं करत आले, गौरव गिलच्या शेजारी बसूनही. गौरव गिलने २०१३, २०१६ आणि २०१७ अशी तीनदा आशिया-पॅसिफिक रॅली स्पर्धा जिंकली आणि २०१९ मध्ये मोटरस्पोर्टमधला पहिला अर्जुन पुरस्कार त्याला मिळाला. नागपुरात चौकात उभं राहून ही दोन नावं विचारून पाहा.

नाशिकला राष्ट्रीय स्पर्धेची महाराष्ट्रातली फेरी व्हायची तेव्हा दादाने एकदा स्वतःच्या पैशाने नाव घातलं. त्यासाठीच तो पिंजरा बसवला होता. मी आणि वहिनी पाहायला गेलो. आदल्या दिवशी गाड्यांची तपासणी, हेल्मेटं, पट्टे, अग्निशामक, सगळं गावातल्या जत्रेसारखं गजबजलेलं. पण स्पर्धा म्हणजे काय, तर आम्ही पहाटे उठून एका टेकडीवर जाऊन बसलो. आसपासच्या वस्तीतले लोक भाकरी बांधून आधीच येऊन बसलेले. दोन तास काही नाही. मग दुरून एक आवाज, डोंगराआडून, कधी डावीकडून आल्यासारखा, कधी उजवीकडून. मग धुळीचा लोट, मग गाडी, आडवी होत वळणात शिरलेली, खड्यांचा मारा झुडपांवर, आणि गेली. दहा सेकंदं म्हणा. पुन्हा शांतता, धूळ खाली बसेपर्यंत. एकेक गाडी ठरावीक अंतराने सुटते, प्रत्येकाची झुंज घड्याळाशी. कोण पुढे आहे ते टेकडीवरच्या कोणालाच कळत नाही. शेजारच्या आजोबांनी मला विचारलं, "पोरी, यातला पहिला कोणता?" मला सांगता आलं नाही. दादाची गाडी आमच्यासमोरून गेलीच नाही. तीन वळणं अलीकडे ती उलटून नाल्यात पडली होती. पिंजऱ्याने आपलं काम केलं. दादा पट्ट्याला उलटा लटकत होता आणि बाहेर आल्यावर हसत होता. वहिनी त्यानंतर आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही.

त्या आजोबांचा प्रश्न साधा होता, आणि या खेळाने त्याचं उत्तर द्यायची फारशी तसदी कधी घेतली नाही.

आता लोक म्हणतात, क्रिकेटने मारलं. मला हे नेहमी आळशी उत्तर वाटतं. कबड्डी क्रिकेटच्या छाताडावरच उभी राहिली ना? रॅली आटली त्याची कारणं तिच्या पोटात होती. दोन टायर कंपन्या एकमेकींना पाण्यात पाहायच्या तोवर चांगल्या गाड्या, पगारी चालक, परदेशी तंत्रज्ञ सगळं होतं. त्या खुन्नसीवर अख्खी स्पर्धा पोसली गेली. एकीने हात आखडता घेतला की दुसरीने हरवायचं कोणाला? पुढे महिंद्राची जाडजूड एक्सयूव्ही ५०० मैदानात आली, गौरव गिलने ती पळवूनही दाखवली, पण गाडी बनवणाऱ्या कंपन्यांचा मोठा जथा त्यामागे कधी आला नाही. आज मैदानात ज्या गाड्या दिसतात त्या बघा. जुनी होंडा सिटी व्हीटेक, फोक्सवॅगन पोलो. पोलो भारतात २०२२ मध्ये बंद झाली. आणि गंमत अशी की दुकानातून केव्हाच गेलेल्या मारुती जिप्सीसाठी या स्पर्धेत वेगळा गट आहे. ज्या गाडीचा पिंजरा मी वाडीला तोलून विकला, तिच्या बहिणी दक्षिणेत अजून धूळ उडवताहेत. तिकडे एमआरएफने युरोप गाठलं. २०२२ची युरोपीय रॅली स्पर्धा तिच्या संघाच्या एफ्रेन यारेना या स्पॅनिश चालकाने जिंकली. चेन्नईचा टायर युरोपच्या दगडगोट्यांवर पहिला येतो आणि त्याच टायरच्या देशात वाडीचा मेकॅनिक म्हणतो, बंद झाली. कंपनीला दोष द्यायचा का? ती धंदा करते. जिथे लोक बघतात तिथे ती जाणार.

रस्त्यांचंही एक आहे, आणि ते बोलायला जरा अवघड जातं. रॅलीला कच्चा रस्ता लागतो, आणि कच्चा रस्ता राहावा असं म्हणणारा माणूस गावात तोंड दाखवू शकत नाही. पारशिवनीकडच्या ज्या रस्त्यांवर मी बेरजा करत मळमळत होते, तिथे आता डांबर आहे, गर्भार बाई वेळेत दवाखान्यात पोचते. नागपूर शहर तर सिमेंटचं झालंच. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, डिसेंबर २०२२ मध्ये शिर्डीपर्यंत आणि जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. मी त्यावरून जाते तेव्हा मधेच खिडकी उघडते, स्वतःशी मोठ्याने बोलते, कारण तो सरळपणा डोळ्यांवर झापड आणतो. मोटार चालवणं म्हणजे नुसतं पुढे बघत बसणं, हे या रस्त्याने शिकवलं. त्यामुळे रॅलीवाले हळूहळू खासगी जागेत सरकले. कोइमतूरजवळ पवनचक्क्यांच्या माळावर, चिकमगळूर आणि कोडगूच्या कॉफीच्या मळ्यांत. तिथे रस्ता मालकाचा, फाटक मालकाचं. आणि प्रेक्षक फाटकाबाहेर.

सार्वजनिक रस्त्यावर काय होतं तेही या खेळाने भोगलं आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये राजस्थानातल्या राष्ट्रीय फेरीत, बाडमेर जिल्ह्यात, स्पर्धेच्या रस्त्यावर एक मोटरसायकल आली आणि वेगातल्या गाडीची धडक बसून एकाच घरातले तिघे गेले. फेरी तिथेच रद्द झाली. ती बातमी वाचली तेव्हा मी नाशिकच्या टेकडीवरच्या माणसांचा विचार करत राहिले. एक दोरी आणि शिट्टी वाजवणारा एक पोरगा, एवढंच आमच्या आणि गाडीच्या मध्ये होतं. त्यानंतर परवानगी देणाऱ्या एखाद्या अधिकाऱ्याने फाइल बाजूला सरकवली असेल तर मी त्याच्यावर रागावू शकत नाही. या खेळाबद्दल मी हळवी आहे, पण गाव म्हणजे कोणाच्या शर्यतीचं नेपथ्य नव्हे. ज्यांच्या दारातून गाड्या जातात त्यांचा त्या शर्यतीत काही वाटाच नसेल, तर त्यांनी दोरीमागे का थांबावं?

इथे मला शंकरपट, आमच्याकडची बैलांची शर्यत, आठवतो, आणि आठवल्यावाचून राहत नाही.

आमचं मूळ गाव धामणगाव रेल्वेकडचं. तळेगाव दशासरचा पट तिथून जवळ. बाहेरच्यांना वाटतं बैलांची शर्यत म्हणजे पश्चिम महाराष्ट्रासारखे चार-पाच गाडे एका वेळी सुटतात. तळेगावला तसं नाही. एकेक जोडी सुटते, छकडीला म्हणजे हलक्या गाडीला जुंपलेली, वर हाकणारा धुरकरी वाकलेला, आणि निकाल लावतं ते घड्याळ. सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत. म्हणजे रॅलीचंच तत्त्व. पण आजोबांच्या प्रश्नाचं उत्तर इथे प्रत्येकाला माहीत असतं. जोडी रेषा ओलांडते न ओलांडते तोच माइकवरून मालकाचं नाव, गावाचं नाव, वेळ, आणि सकाळपासूनची सगळ्यात चांगली वेळ कोणाची तेही. पटाच्या दोन्ही अंगाला माणूसच माणूस, उसाचा रस, भजी, बांगड्या, उडणाऱ्या मातीला शेणाचा वास. तळेगावला तर बायकाही धुरकरी म्हणून छकडीवर उभ्या राहतात, त्यांचा वेगळा पट भरतो. तो मी पाहिला तेव्हा घसा बसेपर्यंत ओरडले होते.

या खेळावर बंदी आली. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती थांबवल्या. राज्याने २०१७ मध्ये कायदा केला तोही अडकला. १६ डिसेंबर २०२१ला अंतरिम परवानगी, १८ मे २०२३ला घटनापीठाचा निकाल. मधली सात-साडेसात वर्षं पट नव्हता, पण गावाकडच्या माझ्या काकाने जोडी विकली नाही. सरकी, ढेप, हिवाळ्यात अंडी-दूध, सगळं चालू. मी एकदा विचारलं, पळवायचेच नाहीत तर हा खर्च काहून करून राहिले? तो म्हणाला, "पट आज ना उद्या भरनच. तवा जोडी कुठून आणू?" बंदी उठली त्या हंगामात मैदान पहिल्या दिवशीच भरून गेलं. बैलांना तुतारी, म्हणजे टोकदार काठी, टोचणं, शेपटी चावणं हे प्रकार होत असत, ते मी नाकारत नाही, आणि न्यायालयाला त्यात पडावं लागलं ते उगाच नाही. आजही एखादी थकलेली जोडी परत रेषेकडे नेताना माझी नजर खाली जाते. तरी एक गोष्ट डोळ्यांआड करता येत नाही. न्यायालयाने थांबवलेला खेळ गावाने गोठ्यात सांभाळला, आणि ज्याला कोणीच थांबवलं नव्हतं तो राष्ट्रीय खेळ वाडीच्या पोराला ठाऊक नाही. पटाचा मालक कास्तकार होता. रॅलीचा मालक जाहिरातीचा विभाग होता.

म्हणून रॅलीत पुन्हा जीव येत असेल तर तो कुठून येतोय, हे मी बघत असते. कर्नाटकात कोडगूला रोबस्टा रॅली होते, राष्ट्रीय स्पर्धेचीच फेरी, कॉफीच्या मळ्यांतून. पण मला त्याहून भावतं ते तिथलं भाताच्या खाचरातलं प्रकरण. कापणी झाली, शेत वाळलं की स्थानिक लोक त्यातच वळणांचा मार्ग आखतात आणि दिवसभर जुन्या गाड्या एकेक करून घड्याळावर पळवतात. घरचीच जिप्सी, शेजाऱ्याचं शेत, बांधावर अख्खं गाव. प्रेक्षकाला सुरुवात आणि शेवट एकाच जागेवरून दिसतो, आणि चालक कोणाचा कोण तेही माहीत असतं. राष्ट्रीय स्पर्धेला प्रायोजक येतील, जातील, नवा प्रवर्तक नवं बोधचिन्ह काढेल, एखाद्या वर्षी फेऱ्या वाढतील, एखाद्या वर्षी गळतील. या बातम्यांना मी आताशा फार महत्त्व देत नाही. खाचरातला माणूस टिकला तर वरची स्पर्धा त्याच्या जिवावर टिकेल. अर्थात कोडगूच्या मळेवाल्याकडे हौसेला पैसा आहे. आमच्याकडे कापसाच्या भावावर वर्ष उभं असतं, तिथे दुसरी गाडी केवळ चिखलात घालण्यासाठी कोण ठेवणार, ही शंका मला आहेच. शिवाय बैल चाऱ्यावर पळतो, कारण तो तसाही गोठ्यात असतो. पेट्रोलचं तसं नाही.

तरी गेल्या दिवाळीत मी काकाकडे विषय काढलाच. पट संपल्यावर ते मैदान नुसतं पडून असतं. माइक आहे, घड्याळ आहे, दोन्ही बाजूंचे बांबू आहेत, रुग्णवाहिका कुठे उभी करायची ते ठरलेलं आहे, पोलिसांना लोक कसे आवरायचे ते माहीत आहे. दोन दिवस पुढे वाढवून गाड्यांचा घड्याळी पट का भरवू नये? वेगाला आवर घालणारी वळणं आखायची, एका वेळी एकच गाडी. वाडीच्या गॅरेजमधली पोरं आपल्या हाताने बांधलेल्या गाड्या घेऊन येतील. काकाने सुपारी कातरता कातरता सगळं ऐकून घेतलं.

"मैदान कोनाच्या वावरात हाय माहीत हाय ना तुले?"

माहीत होतं. बऱ्याच जणांच्या, त्यात थोडं त्याचंही.

"बैल पळला तं माती उकरते. गाडी पळली तं दबते. काळी माती एकदा दबली का मंग पावसाळ्यात पानी साचते तिथं. वखर कोन हाकन, तुवा दादा पुन्याहून येईन काय?"

मी म्हटलं, गाड्यांच्या एन्ट्री फीमधून नांगरटीचा खर्च काढू, ट्रॅक्टर लावू. त्यावर तो जरा थांबला, आणि आतून काकू ओरडली की पोरीला जेवू तरी द्या आधी. ताटावर बसल्यावर त्याने पुन्हा विचारलं, बाहेरच्या तालुक्यातल्या गाड्या घ्यायच्या की आपल्याच, आणि बायकांचा वेगळा पट ठेवणार की एकातच. मग म्हणाला की कमिटीची बैठक पौषात असते, तेव्हा विषय काढतो, पण नांगरटीचे पैसे आगाऊ लागतील, आणि ते कोणत्या कंपनीकडून आणायचे नाहीत.

"काहून?" मी विचारलं.

"पुढल्या साली नाही आले तं?"